अंगठी आधी, उंबरा नंतर

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाकडे लोक फार तर अर्जाचा मसुदा तपासून घ्यायला येतात, नाहीतर बारशाला नाव सुचवा म्हणून येतात. प्रेमाच्या भानगडीत त्याचा सल्ला विचारायला सहसा कोणी येत नाही. म्हणूनच गेल्या भाऊबिजेला सकाळी सात वाजता माझी भाची दारात उभी राहिली आणि चपला काढता काढताच तिने विचारले, "मामा, कोरियन माणसाला 'घरी ये' म्हटलं, तर त्याला ते 'लग्न कर' असं ऐकू येतं का रे?" तेव्हा माझ्या हातातला कप बशीवर नीट बसेना.

वास्तविक त्याच दिवशी दुपारी मी तिच्या घरी ओवाळून घ्यायला जाणार होतो. पण तेवढा धीर तिला निघाला नाही.

हकीगत अशी. भाची इंजिनियर आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कोरियन कंपनीच्या कारखान्यात ती नोकरी करते. तिथे बुसानहून आलेला एक तरुण आहे, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. दीड वर्ष दोघांचे 'चालले' होते. घरी त्याची ओळख 'ऑफिसमधला मित्र' एवढीच होती. पाडव्याच्या संध्याकाळी तिने त्याला फराळाला बोलावले. आपण पोस्टमनला किंवा गॅसवाल्याला म्हणतो ना, 'या हो, फराळ करून जा', तितक्याच सहजपणे. तो आला तो काळा सूट आणि गळ्याशी आवळलेला टाय घालून. एका हातात सफरचंदांची पेटी, दुसऱ्या हातात लाल जिन्सेंगचा मखमली डबा. आत आल्यावर त्याने माझ्या ताईला आणि भाऊजींना शेजारी शेजारी बसायची खूण केली, दोन्ही हात कपाळाशी नेले, गुडघे टेकले आणि जमिनीवर डोके लागेपर्यंत वाकून नमस्कार केला. ताईने गोंधळून "औक्षवंत हो" म्हटले आणि चिवड्याची बशी पुढे केली. भाऊजी नंतर मला सांगत होते, "फार संस्कारी मुलगा आहे बुवा. आपल्याकडची पोरं 'हाय अंकल' म्हणून मोकळी होतात."

त्या संस्कारी मुलाने त्याच रात्री बुसानला आईला फोन केला. दीड वर्षात प्रथमच तिला या मुलीविषयी सांगितले. आणि 'दोन्ही घरची माणसे कधी भेटायची?' हा आईचा प्रश्न रात्री साडेअकरा वाजता भाचीला पोहोचता केला.

भाचीची तक्रार दुहेरी होती. "दीड वर्ष मला आईपासून लपवून ठेवलं," ती म्हणाली, "आणि आता एका चकलीवरून लग्न ठरवतोय!"

वाचकहो, त्या सकाळपासून गेले वर्षभर मी हा विषय अभ्यासाला घेतला आहे. तिच्याबरोबर मीही कोरियन लिपी गिरवली. (अक्षरे सोपी आहेत. पंधराव्या शतकात सेजोंग राजाने ती सामान्यांना शिकता यावीत म्हणूनच करविली. उच्चाराने मात्र मला अजून दाद दिलेली नाही.) कोरियन मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर हिंडण्याफिरण्याचा प्रसंग ज्यांच्या घरात येईल, आणि पुणे-चाकण-तळेगाव भागात तो आता अगदीच दुर्मिळ राहिलेला नाही, त्यांच्यासाठी म्हणून हे चार शब्द.

आता 'डेटिंग'ला मराठीत शब्द नाही. 'प्रेमाराधन' म्हटले की धूप-दीप आठवतात. घराघरांत खरा चालणारा शब्द म्हणजे 'काहीतरी': त्या दोघांचे काहीतरी आहे. मौज अशी की, कोरियन तरुणांचाही शब्द नेमका हाच आहे. इंग्रजी 'समथिंग'चा पहिला तुकडा तोडून त्यांनी 'सम' हा शब्द केला. दोघे रोज बोलतात, एकत्र जेवतात, पण कोणी काही कबूल केलेले नाही, ती अवस्था म्हणजे 'सम'. हक्क नाही, जबाबदारी नाही, नुसती धडधड.

परंतु आपले 'काहीतरी' वर्षानुवर्षे काहीतरीच राहू शकते. त्यांचे राहत नाही. एके दिवशी दोघांपैकी कोणीतरी स्पष्ट शब्दांत विचारावे लागते. याला ते 'गोबेक' म्हणतात, शब्दशः कबुली. ती झाली की तो दिवस पहिला. कबुली नसेल तर सहा महिने एकत्र सिनेमे पाहिले तरी ते जोडपे नव्हे. आणि असेल तर दुसऱ्या दिवसापासून ते जगजाहीर जोडपे. तेव्हा कोरियन माणूस एखाद्या संध्याकाळी अचानक गंभीर होऊन, उभा राहून, परीक्षेला बसल्यासारखा बोलू लागला तर हसू नये. भाची हसली होती. त्याला ते लागले.

त्या दिवसापासून मोजणी सुरू होते. महिने-वर्षे नव्हेत, दिवस. शंभर, दोनशे, तीनशे, हजार. मोबाइलवर त्यासाठी मोजपट्ट्या असतात. शंभराव्या दिवसाचे महत्त्व त्या समाजात जुने आहे. पूर्वी तान्ही मुले फार दगावत. मूल शंभर दिवस जगले की घरात आनंद करीत. तोच शंभरावा दिवस प्रेमाला लागू झाला असेल तर नवल नाही, तेही कोवळेच असते. मोजताना पहिला दिवस एक धरायचा. भाचीने तो शून्य धरला आणि भेटवस्तू एक दिवस उशिरा नेली. इंजिनियर असून!

शंभराव्या दिवसाच्या सुमाराला पुष्कळ जोडपी सारख्या अंगठ्या घालतात. इथे मराठी माणसाने दचकायचे कारण नाही. ती साखरपुड्याची अंगठी नव्हे. ताईने ती पाहिली तेव्हा 'तुळशीबागेतली आहे' असे उत्तर मिळाले होते. शिवाय १४ फेब्रुवारीला मुलीने मुलाला चॉकलेट द्यायचे, १४ मार्चला त्याने परतफेड करायची, आणि १४ एप्रिलला ज्यांना दोन्ही वेळा काहीच मिळाले नाही त्यांनी काळ्या रश्शातल्या शेवया एकट्याने खायच्या, असे पंचांग आहे. यांतले बरेचसे दुकानदारांनी पोसलेले आहे. पण आपली अक्षय्य तृतीयाही सराफांनी काही कमी पोसलेली नाही.

भाषेकडे वळतो, तिथे मला जरा अधिकाराने बोलता येईल. कोरियन माणूस भेटताच वय विचारतो. त्याला उद्धट समजू नये. वय कळल्याशिवाय त्याला क्रियापदाचा शेवट करता येत नाही. आदराचे बोलणे वेगळे, सलगीचे वेगळे, आणि दोहोंत आपल्या 'अहो-जाहो' आणि 'अरे-तुरे'इतकेच, किंबहुना अधिक, अंतर आहे. ते अंतर आपोआप तुटत नाही. 'आपण बोलणे खाली ठेवू या का?' असे विचारतात. डोक्यावरचा हारा उतरवावा तसे. प्रेमात पडलेल्या दोघांनी आदराचे बोलणे पहिल्यांदा खाली ठेवले, तो दिवस पुष्कळांच्या लक्षात राहतो. आणि भांडण झाले की काही जण पुन्हा कडक आदरार्थी बोलू लागतात! ज्यांच्या बायका रागावल्या की 'तुम्हांला वेळ असेल तर जेवून घ्या' म्हणतात, त्यांना हे समजावून सांगायला नको.

वयाचीही एक गंमत. जुन्या मोजणीप्रमाणे मूल जन्मतःच एक वर्षाचे धरीत आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळा देश एकदम एकेक वर्षाने मोठा होई. जून २०२३ पासून सरकारी कामकाजात जगासारखेच वय धरायचे असा कायदा झाला. बोलण्यात जुनी सवय अजून डोकावते.

मोठ्या वयाच्या प्रियकराला मुलगी 'ओप्पा' म्हणते. ओप्पा म्हणजे थोरला भाऊ. इथे आमच्या भाचीची जीभ सहा महिने अडली. आपल्याकडे 'दादा' हे संबोधन प्रेमावर बोळा फिरवण्यासाठीच वापरतात. नको असलेल्या मुलाला राखी बांधतात. तिकडे तोच शब्द जवळिकीचा. लग्नानंतर मात्र नवराबायको एकमेकांना 'योबो' म्हणतात. त्याची फोड 'इकडे बघा' अशी करतात. म्हणजे आपले 'अहो!' मूल झाले की बायकोला 'अमक्याची आई' म्हणून हाक मारतात. आणि नवऱ्याविषयी बोलताना 'माझा नवरा' न म्हणता 'आमचा नवरा' म्हणतात. हे ऐकून ताई म्हणाली, "मग आम्ही वेगळं काय म्हणतो? आमचे हे!"

या साम्यानेच घात होतो. सारखे दिसते म्हणून आपण बेसावध राहतो.

प्रेम शब्दांत फारसे येत नाही. बुसानच्या बाजूचे पुरुष तर मुलखाचे अबोल म्हणून प्रसिद्ध. तिकडचा नवरा संध्याकाळी घरी येऊन तीनच वाक्ये बोलतो, असा एक जुना विनोद आहे: 'पोरं?', 'जेवायला वाढ', 'झोपू या'. (वाचकांपैकी काही भगिनींना यात विनोद कोणता, असा प्रश्न पडेल.) 'जेवलीस का?' हाच त्यांचा प्रेमाचा उद्गार. भाचीला सुरुवातीला वाटे की या माणसाला दुसरा विषयच नाही. दुपारी बारा, रात्री आठ, ठरलेला प्रश्न. एकदा ती कामाच्या धबडग्यात 'नाही' एवढेच कळवून मोकळी झाली, तर तो चाळीस मिनिटांनी डबा घेऊन तिच्या विभागाच्या दारात उभा.

हे निरोप ज्या काकाओटॉकवरून जातात, त्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे. पाठवलेल्या ओळीशेजारी बारीकसा '१' उमटतो. समोरच्याने निरोप उघडला की तो नाहीसा होतो. '१' जाऊनही उत्तर आले नाही, तर त्यावरून अबोले होतात. अपेक्षा अशी की, दिवसातून अनेकदा ख्याली-खुशाली कळवावी. आपल्या मुलींना हे सुरुवातीला गोड वाटते, मग पहारा वाटू लागतो. याबाबतीत माझे मत स्पष्ट आहे: पहारा वाटला तर पहारा म्हणावे आणि तसे त्याला सांगावे, 'त्यांची संस्कृतीच तशी' म्हणून गिळू नये. भाचीने सांगितले. तो दोन दिवस फुगला आणि मग सुधारला.

मालिकांवर मात्र विसंबू नका. पडद्यावरचा कोरियन नायक पावसात छत्री धरतो, गर्भश्रीमंत असतो आणि वेळ त्याच्याकडे भरपूर असतो. खऱ्या कोरियन तरुणाला सक्तीची लष्करी नोकरी करावी लागते. पायदळात ती हल्ली १८ महिन्यांची आहे. त्या काळात प्रेयसी सोडून गेली तर तिने 'रबरी बूट उलटे घातले' असे म्हणतात. ते संपवून, पदवी घेऊन, नोकरी लागेपर्यंत तिशी येते. आणि पुढे घर. मुंबईकरांना 'हेवी डिपॉझिट' ठाऊक आहे. तोच प्रकार तिकडे 'जनसे' नावाने फार मोठा आहे. महिन्याचे भाडे नाही, पण घराच्या किमतीच्या निम्म्याहूनही अधिक रक्कम मालकाकडे ठेवायची आणि मुदत संपली की परत घ्यायची. ही रक्कम मुलाकडच्यांनी उभी करायची, अशी जुनी रीत. म्हणून २०११ च्या सुमारास तिथल्या वर्तमानपत्रांतून एक शब्द रूढ झाला: प्रेम, लग्न आणि मूल या तिन्हींवर पाणी सोडणारी पिढी. २०२३ साली त्या देशातला जननदर दर स्त्रीमागे ०.७२ इतका खाली गेला. २०२४ मध्ये किंचित सावरून ०.७५ झाला. तेव्हा आमच्या ताईपुढे साष्टांग पडलेला मुलगा हा नुसता विनयशील मुलगा नव्हता. त्याने मनातल्या मनात पुष्कळ हिशेब केला होता, आणि तो होकाराचा निघाला होता.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे उंबरा आधी आणि अंगठी नंतर. मुलाला 'मित्र' म्हणून घरी आणायचे, आईच्या हातची पोळी खाऊ घालायची, वडिलांशी क्रिकेटवर बोलायला लावायचे. घरच्यांना त्याची सवय झाली की हळूच खरे सांगायचे. बाहेर मात्र कोणाला कळता कामा नये. त्यांच्याकडे नेमके उलटे. बाहेर अंगठ्या, सारखे सदरे, मोजलेले दिवस, सगळे उघड. आणि आईबापांचा उंबरा शेवटी. आईवडिलांपुढे नेऊन उभे करणे म्हणजे 'हिच्याशी लग्न करावे म्हणतो' असे सांगणे. त्यानंतर दोन्ही घरांची रीतसर भेट होते, तिला 'सांगग्यन्न्ये' म्हणतात. आपली बोलणी किंवा सुपारी म्हणा. म्हणून दीड वर्ष त्याने आईला सांगितले नाही, यात लपवाछपवी नव्हती. उगाच आईच्या जिवाला घोर लावायचा नाही, एवढाच हेतू. आणि भाचीने 'फराळाला ये' म्हटल्यावर त्याने तीन दुकाने पालथी घालून जिन्सेंग मिळवले, यात उतावीळपणा नव्हता. त्याच्या लेखी मुलीनेच पाऊल टाकले होते.

भाऊबिजेच्या दुपारी हे सगळे ताईला सांगायचे काम माझ्याकडे आले. ओवाळणीचे ताट बाजूला ठेवून ती ऐकत राहिली. भाऊजींनी प्रथम, आवाज उतरवून, 'ते लोक कुत्री खातात ना?' असे विचारले. मी सांगितले की, जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या संसदेने तो धंदा बंद करणारा कायदा केला, तीन वर्षांची मुदत देऊन. आणि या मुलाला कुत्र्यांचा लळा आहे. मग गोत्राचा विषय निघाला, तेव्हा मला स्फुरण चढले. कोरियात एका कुळाच्या, एका मूळगावाच्या वधूवरांना लग्नाची कायद्यानेच बंदी होती. दर पाच माणसांत एक किम असलेल्या देशात याने किती प्रेमिकांचे हाल झाले असतील! १९९७ मध्ये घटना न्यायालयाने ती बंदी घटनेत न बसणारी ठरवली आणि २००५ मध्ये कायदा बदलला. आपण सगोत्र विवाहाचा अडसर १९४६ च्या कायद्याने काढला. "आणि आडनाव?" ताईने विचारले. कोरियन मुलगी लग्नानंतर आडनाव बदलत नाही, जन्माचेच ठेवते. हे ऐकून तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. तिचे स्वतःचे नाव आणि आडनाव, दोन्ही तांदळाच्या ताटात बदलले होते.

पण ताई माझ्यासारखी पुस्तकी नाही. तिने एकच प्रश्न विचारला. "थोरला आहे का?"

थोरला आहे.

चुसॉक हा त्यांचा मोठा सण त्यांच्या आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला येतो. बहुतेक वर्षी आपली भाद्रपद पौर्णिमा, कधी कोजागिरी. आपला पितृपक्ष सुरू व्हावा त्या सुमाराला ते पितरांपुढे पाने मांडतात आणि वाकून नमस्कार करतात. तांदळाच्या पिठीची पारी करून, तीळ किंवा डाळ भरून, पाइनच्या सुईसारख्या पानांवर उकडलेले सोंगप्यन करतात. ताईच्या उकडीच्या मोदकांचे मावसभाऊच ते. परंतु हे सारे परंपरेने थोरल्या मुलाच्या घरी, आणि राबायचे त्याच्या बायकोने. कढईपाशी तासन् तास उभे राहून आलेल्या दुखण्याला आणि चिडचिडीला कोरियन भाषेत स्वतंत्र नावच आहे: सणाचा विकार. तरुण घरांतून हे आता पुष्कळ सुटत चालले आहे. काही जण पाने मांडण्याऐवजी सहलीला जातात. पण 'सुटत चालले आहे' हे तिथल्या सुनांबद्दल झाले. या एका घरात काय आहे, ते त्या घरालाच विचारायला हवे.

म्हणून मी भाचीला चार प्रश्न लिहून दिले. पितरांचे पान कोण वाढते? आई पुढे कोणाजवळ राहणार? घर कुठल्या देशात? आणि परकी सून म्हणून कोणी वेडेवाकडे बोलले तर तू तोंड उघडशील का? दिवस मोजणाऱ्या माणसाला हे मोजायला लावणे आवश्यक होते. तिने ते सगळे प्रश्न त्याला एकाच संध्याकाळी विचारले. तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तळण मी करीन. मला येतं. पण हे आईला मला सांगावं लागेल."

वर्ष यात गेले. दोन्ही घरची भेट दोनदा ठरली आणि दोनदा पुढे गेली. एकदा भाऊजींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आले म्हणून, एकदा कारण नीट कळले नाही म्हणून. भाचीच्या बोटातली अंगठी आता तुळशीबागेतली राहिलेली नाही. घरात सगळ्यांना ती कुठली ते ठाऊक आहे. ताई 'जेवलास का?' हे कोरियन भाषेत म्हणायला शिकली आहे आणि रविवारी तो आला की म्हणते. तो दर वेळी 'हो' म्हणतो आणि पुन्हा जेवतो.

परवा रात्री त्याने आईला लांबलचक निरोप लिहिला. तळणाविषयी, नोकरीविषयी, 'आमच्याकडे' येऊन राहण्याविषयी. भाचीसमोर बसून लिहिला, तीनदा खोडला आणि पाठवला. तिने मला लगेच फोन केला. काल सकाळी पुन्हा केला. निरोपाशेजारचा '१' गेला आहे. उत्तर अजून आलेले नाही.